पायानं चव घेणारं पाखरू

वैजयंताच्या मनगटावर काळं फुलपाखरू बसलं, पुढच्या पायांनी कातडीवर टकटक केली आणि एक पिवळं अंडं घालून उडालं. तपासणीच्या तंबूतल्या बाया मागं सरकल्या. ज्याच्या घामात ताप मुरलेला असेल त्याच्यावरच ते अंडं घालायचं, आणि अंडं पडलं की माणूस थेट धरणापलीकडच्या छावणीत. तिथून अजून कुणी परतलं नव्हतं.

"आत्ती, माझं तान्हं..." एवढंच वैजयंता बोलली.

तिची सासू हौसाक्का पुढं सरसावली. तिचं तोंड थोडंच गप्प बसणार? "नर्सबाई, पाखरू तुमच्या प्रयोगशाळेत घडवलेलं असेल, पण मूळ कढीपत्त्यावरचंच. शिटेसारख्या दिसणाऱ्या त्याच्या अळ्या वेचण्यात माझा जन्म गेला. हिनं सकाळीच कढीपत्ता खुडलाय. पायानं चव घेणाऱ्याला तो हात पानच वाटणार! धुऊन परत बघा."

नर्सनं तोंड वाकडं करत साबण दिला. हौसाक्कानं सुनेचा हात स्वतः कोपरापर्यंत घासला आणि घट्ट धरून पुढं केला.

दुसरं फुलपाखरू सुटलं. वैजयंताच्या मनगटावर टकटकलं आणि उठलं. बायांनी सुस्कारा सोडला. मग ते शेजारच्याच हातावर उतरलं, हौसाक्काच्या. बराच वेळ टकटकत राहिलं. अंडं पडलं.

नर्सचाच आवाज उतरला. "आजी, पुन्हा धुऊन बघायचं?"

"आत्ताच धुतले की, तुझ्यासमोर," हौसाक्का म्हणाली. "नाव लिही."