मुंगसाचा खाऊ

"गळ्याचं बटण लावा, भिमाजी," अरुंधतीबाई फाटकातच म्हणाल्या. "कंपनीत असं गबाळं चालत नाही."

भिमाजींनी सायकल भिंतीला टेकवली आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं. एप्रिलचं ऊन रखरखत होतं. सायकलला पुढं एक झाकलेली टोपली आणि मागं जाळ्या, पोतं आणि तुरकाठ्यांची जुडी. निघोज्याहून पिंपरीपर्यंत हे सगळं लादून ते आले होते.

औषधांच्या त्या कारखान्यात तपासणीसाठी ससे ठेवलेले होते. गुरुवारी सकाळी ससेखान्याचं दार सताड उघडं सापडलं, कुलूप गायब. अकराच्या अकरा पसार. कुंपणालगत मातीचा मोठा ढीग होता, त्यात घुशींची जुनी बिळं. सशांनी ती उकरून रुंद केली आणि आत मुक्काम ठोकला.

बाहेरचा पाला खाल्लेला ससा तपासणीला चालत नाही. साहेबांनी हुकूम काढला, बिळांत विषारी गोळ्या टाका आणि तोंडं बुजवा.

ससेखाना अरुंधतीबाईंच्या ताब्यात होता. त्यांनी एक दुपार मागून घेतली आणि घुशी-ससे धरणाऱ्या भिमाजींना बोलावलं. गोळीनं जनावर तासभर तडफडतं, त्यापेक्षा जाणत्या हातून झटक्यात जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी पाचच्या भोंग्यापर्यंत मुदत दिली. एक जरी ससा आत राहिला, तरी गोळ्या पडणार होत्या.

गोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन चिमाजी जमादार सावलीत बसला होता.

"औंदा आमच्या मळ्याकडं फिरकला न्हाईत, भिमाजीराव? घुशी माजल्यात नुसत्या."

"पाय दुखत्यात, जमादार."

"कुलूप सापडलं का?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"कुठलं, बाई! पितळी व्हतं. गेलं आसंल मोडीत."

"मग नुसती किल्ली घेऊन मी काय करू?" त्या चिडून म्हणाल्या.

भिमाजींनी बिळाच्या एकेका तोंडावर जाळी पसरली आणि तुरकाठ्या रोवून ताणली. मग टोपलीतून मुंगूस काढलं. त्याच्या तोंडाला मऊ दोरा बांधलेला होता.

"त्वांड कशापायी बांधलंय?" चिमाजीनं विचारलं.

"उघडं सोडलं तर आतच मारंल, पोटभर खाईल आन् तिथंच झोपंल. मग बसा वाट बघत. ह्येनं निस्तं हुसकायचं."

"आन् टोपलीवर कांबळं? उकडून मारताय का त्याला?"

"अंधारात जनावर गप ऱ्हातं."

मुंगूस बिळात शिरलं. क्षणभर काही नाही. मग ढिगाच्या पोटात धडधड झाली आणि पांढरा ससा जाळीत येऊन आदळला. भिमाजींनी त्याला अलगद सोडवलं आणि छातीशी धरलं.

"बघून ठिवा, जमादार. मागचे पाय ह्या हातात, मान त्या हातात. खाली येकच हिसका. जिवाला कळायच्या आत संपलं पायजे. भ्यायलेलं जनावर मारायचं न्हाई, आदी शांत करायचं."

"मग करा की हितंच."

"न्हाई. येकाचं मरान दुसऱ्यानं बघू ने. आन् रगताचा वास आला की मुंगूस बेफाम हुतं."

ते पोतं घेऊन पंपघराच्या मागं गेले. कट्, असा कोरडा आवाज आला. चिमाजीनं एक बोट मिटलं. अरुंधतीबाईंनी तोंड फिरवलं.

चार वाजेपर्यंत चिमाजीची दहाही बोटं मिटून झाली. अकरावा येईना.

मुंगूस तीनदा आत जाऊन रिकामं परतलं. साडेचार झाले, पावणेपाच झाले. चिमाजीनं डबा उघडला.

"आता काय, बाई. हुकूम हाय."

"भोंगा झाला का?" अरुंधतीबाईंचा आवाज चिरकला. "नाही ना? मग बसा खाली."

भिमाजी ढिगावर पालथे झोपले आणि कान जमिनीला लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग रांगत खाली गेले, घाणेरीचं झुडूप बाजूला सारलं. मागं आणखी एक तोंड होतं, जाळी न लावलेलं.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. त्यांनी तिथं जाळी ताणली आणि मुंगूस पुन्हा सोडलं.

अखेर अकरावी, एक पांढरी मादी, जाळीत आली. पंपघरामागून कट् असा आवाज आला आणि पाठोपाठ भोंगा वाजला.

भिमाजी भरलेलं पोतं घेऊन आले. चिमाजीनं वरून हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"गरम हायेत की अजून!"

"आत्ता गेलेलं जनावर गार कसं आसंल?"

"पुरायला मानूस देऊ?"

"नगं. माझ्या रानात पुरीन. खत हुतंय."

अरुंधतीबाईंनी फडक्यात बांधलेलं एक जड गाठोडं त्यांच्या हातात दिलं. "मुंगसाला खाऊ. घरी गेल्यावरच सोडा." त्यांनी मान वर केली नाही.

निघोज्याला पोचेस्तोवर दिवस कलला. भिमाजींनी अंगणात सायकल लावली. आधी गळ्याचं बटण सोडलं, गेल्या कार्तिकात घातलेली तुळशीची माळ सदऱ्याबाहेर काढली. मग पोत्याचं तोंड सोडलं.

त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई चुलीपुढून उठून आल्या. पांढरे ससे एकामागून एक अंगणात उतरत होते, नाकं हलवत होते.

"आगं बाई! आन् तुरकाठ्या मोडल्या कशानं येवढ्या?"

"मीच मोडल्या. अकरा," भिमाजी म्हणाले. "चुलीला घे. बाईला सांगाय जमलं न्हाई, जमादार हुता. बिचारी मारल्यात म्हनून रडत बसली आसंल."

त्यांनी मुंगसासाठी दिलेलं गाठोडं सोडलं. आत ताजा, कोवळा लसूणघास होता आणि घासाच्या तळाशी एक पितळी कुलूप, किल्लीसकट.