प्लास्टरवरची ओळ

“अंगठा हलवा बघू. वा, मस्त!” डॉक्टर म्हणाला आणि बायको चक्क लाजली.

नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. अंगठा हलवण्यात कसलं आलंय कौतुक! हा डॉक्टर फक्त पावलं आणि घोटे बघायचा. जिन्यावरून पडून मोडलेल्या तिच्या घोट्यात त्यानंच धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसवले होते. तेव्हापासून घरात उठता-बसता ‘डॉक्टर म्हणाले, डॉक्टर म्हणाले’ चालू होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण नवरा काय म्हणाला हे तिनं कुणाला असं कौतुकानं सांगितलं नव्हतं.

प्लास्टरवर आल्यागेल्यांनी काहीबाही लिहिलं होतं. शेजारणीची सही होती, भाचीनं मांजर काढलं होतं. पहिल्याच दिवशी बायकोनं त्याच्याही पुढे पेन धरलं होतं. “मी काय शाळेत आहे?” म्हणून त्यानं ते टेबलावर ठेवून दिलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या तपासणीला तो गाडीपाशीच थांबला होता. घरी आल्यावर तिच्या नडगीवर एक नवी ओळ दिसली. मान वाकडी करून त्यानं ती वाचली. ‘तुझ्याशिवाय करमत नाही.’ खाली नाव नव्हतं. अक्षर गिचमिड होतं, अगदी डॉक्टरी.

“कुणी लिहिलं हे?”

“ज्यानं लिहायला हवं होतं, त्यानं नाही,” ती म्हणाली आणि पायाखालची उशी सारखी करत बसली.

तेव्हापासून नवरा आतल्या आत जळत होता. आज प्लास्टर निघणार होतं. तिचे कपडे भरलेली बॅग तिच्या नकळत गाडीत ठेवलेली होती. अक्षर डॉक्टरचं निघालं, की इथूनच तिला भावाकडे सोडायचं, ते कायमचं.

प्लास्टर कापणारे काका मशीन घेऊन आले.

“काका, ती ओळ तेवढी तोडू नका,” नवरा म्हणाला. “अक्षर ताडून बघायचंय. कुणाचं आहे ते आज कळलंच पाहिजे.”

डॉक्टरनं एक्स-रेवरून मान वर केली. बायको खिडकीबाहेर बघू लागली.

काका पलंगाच्या पायथ्याशी, नवऱ्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“त्यात ताडायचं काय, साहेब? माणसं इथं उभी राहून लिहितात, म्हणून मांजर आपल्याला सुलट दिसतंय. ही एकच ओळ आपल्याला उलटी आणि ताईंना सुलट. असं लिहायला पाय स्वतःचाच लागतो.”