हात धुऊन येतो

भाजलेला मासा टेबलावर आला तसे मुलीचे वडील चो मुन-शिक उठले. "जरा हात धुऊन येतो," म्हणाले आणि कागदी दार सरकवून बाहेर पडले. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लग्न ठरवायला दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा जेवायला बसली, की मध्येच हात धुवायला उठणारा बिल भरायला चाललेला असतो, हे देजॉन शहरातलं शेंबडं पोरही सांगेल.

मघाशी सूप आलं तेव्हा मुलाचे वडील, क्वॉन साहेब, फोनचं निमित्त करून बाहेर जाऊन आले होते. तेव्हापासून चोंना धाकधूक लागली होती, की या माणसाने आपल्याआधी डाव साधला. आपण मुलीकडचे झालो म्हणून काय, पहिल्याच जेवणाला मिंधं कशाला व्हायचं?

"अठरा नंबरची खोली. बिल दिलं का कोणी?" त्यांनी काउंटरवर विचारलं.

"नाही हो," मालकीणबाई म्हणाल्या. चोंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ऐटीत कार्ड पुढे केलं.

"हप्त्यांत करू की एकदम?"

"एकदम!"

यंत्राने कार्ड नाकारलं. मालकीणबाईंनी ते पदराला पुसावं तसं बाहीला पुसून पुन्हा सरकवलं. पुन्हा नकार.

"मग हप्त्यांत करून बघा," चो हळू आवाजात म्हणाले. हप्त्यांतही जमेना. शेवटी मालकीणबाईंनी कार्डाच्या कंपनीला फोन लावला आणि रिसीव्हर त्यांच्याच हातात दिला.

"ग्राहक महोदय, आपली मर्यादा या आठवड्यापासून कमी केली आहे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"का म्हणून? माझा एकही हप्ता चुकलेला नाही!"

"हप्त्याचं नाही, महोदय. आपल्याकडे इतर कंपन्यांचीही कार्डं आहेत, असं कळलंय. आता आम्ही सगळ्या कंपन्या एकमेकींना विचारतो ना. आपला दिवस चांगला जावो."

आपल्या काचांच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेनासं झाल्यापासून चो एका कार्डातून पैसे काढून दुसऱ्याचे भरत आले होते. त्या वर्षी निम्मं शहर तीच कसरत करत होतं, आणि आपल्याशिवाय कोणी करत नाही असं ज्याला त्याला वाटत होतं. ज्याच्यात अजून जागा होती असं हे एकच कार्ड उरलं होतं. ते गेलं म्हणजे महिनाअखेरीस बाकीची सगळी एकदम अंगावर येणार. दुकान जाणार, आणि दुकान गेलेल्या माणसाची मुलगी कोण करून घेतो?

"मालकीणबाई, आत कोणाला काही बोलू नका. जाताना बघतो मी."

"छे हो, मी कशाला बोलू?" मालकीणबाईंनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "तुमच्याच खोलीतले ते दुसरे साहेब. सूपाच्या वेळी आले होते. त्यांचंही कार्ड चाललं नाही. त्यांनाही मी हेच कबूल केलंय. सकाळपासून हेच चाललंय बघा, आलेला प्रत्येक जण म्हणतोय बोलू नका. बिल तेवढं कोणीतरी भरा म्हणजे झालं."

चो परत आले तेव्हा क्वॉन साहेब रंगात आले होते. "अहो, किती वेळ हात धुता? साबण संपवून आलात की काय!"

सगळे हसले. चोही हसले. आणि त्यांना आठवलं, मघाशी बाहेरून येऊन बसल्या बसल्या याच माणसाने मांडीवर थाप मारून जाहीर केलं होतं, की भाड्याच्या घराची अनामत आम्ही भरू, पोरांनी काळजी करायची नाही. ते ऐकून चोंच्या बायकोचे डोळे भरून आले होते.

आत्ताच सांगून टाकावं, दोघांचंही, असं चोंना वाटलं. त्यांनी तोंड उघडलं. समोर त्यांची हे-रिम माशाचे काटे काढून होणाऱ्या सासूच्या भातावर एक एक तुकडा ठेवत होती.

"घर तुम्ही देताय," चो म्हणाले, "मग घरातलं सामान आमच्याकडे लागलं. फ्रिज, कपाटं, गाद्या. पोरांना चमचासुद्धा विकत घ्यायला लागणार नाही."

"वा! व्याही शोभता खरे!" क्वॉन साहेब म्हणाले, पण वर न बघता.

जेवणावर प्यायचं करपलेल्या भाताचं गरम पाणी आलं, पिऊन झालं. दालचिनीचं गोड पाणी आलं, तेही संपलं. बोलणं संपलं. विहीणबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. उठायचं नाव कोणी घेईना. ताटं न्यायला आलेली बाई तिसऱ्यांदा दारातून डोकावून गेली.

शेवटी नवरा मुलगा ग्योंग-थे उठला. त्याने आपल्या वडिलांकडे पाहिलं, चोंकडे पाहिलं. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.

"मी जरा हात धुऊन येतो."

अशा वेळी दोन्ही बापांनी उडी मारून पोराची बाही धरायची असते. बस खाली, आम्ही मेलोय का, म्हणून दटावायचं असतं. ग्योंग-थे दारापाशी क्षणभर थांबलाही. मग दार सरकलं आणि बंद झालं.

हे-रिमचं हसू मावळलं. ती वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा, अहो, अडवा ना त्याला!"

चोंनी क्वॉन साहेबांकडे पाहिलं. क्वॉन साहेब त्यांच्याकडेच बघत होते.

दोघांनीही आपापला रिकामा पेला उचलून तोंडाला लावला.