हेल्मेटवरचा साक्षीदार

"त्यात सगळं आलंय, साहेब," आफरीन म्हणाली. "तुमची गाडीपण."

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ॲडव्होकेट हिमांशू टाकळीकर नाकाला रुमाल लावून उभे होते. समोरच्या मुलीच्या हातात हेल्मेट होतं आणि हेल्मेटला काडेपेटीएवढा कॅमेरा. आत खाटेवर तिचे वडील गयास पडले होते. पाय मोडलेला, डोक्याला मार आणि कालची सकाळ डोक्यातून पार पुसली गेलेली.

काल सकाळी जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडे, वकीलसाहेब गाडी चालवता चालवता मोबाइल बघत होते. सरकारी वकील म्हणून त्यांची नेमणूक होणार ही बातमी फुटली होती आणि अभिनंदनांचा पूर आला होता. हुकूम तेवढा हातात यायचा होता. धाडकन आवाज झाला. ब्रेक दाबून वर पाहिलं तर गाडीपुढे सायकल आडवी, माणूस आडवा आणि पुढे एक टेम्पो आपल्या वाटेनं चाललेला. लोक धावत आले, त्यामुळे माणुसकी दाखवणं भाग पडलं. गयासला मागच्या सीटवर घालून साहेबांनी दवाखान्यात आणलं, आपलं नाव लिहून दिलं आणि मग सीटवरचे रक्ताचे डाग पाहून त्यांना खरंखुरं दुःख झालं.

दुपारी बंपरवर ओरखडा दिसला. तो नवा की जुना, हे बघत बसायला साहेबांना वेळ नव्हता. संध्याकाळी नवा बंपर बसला होता.

कॅमेऱ्याचं मात्र आज कळलं. सायकलवर कंपनीत जाणारा फिटर आणि डोक्यावर कॅमेरा! म्हणे दुबईच्या पोरानं पाठवला होता. ऐपत सायकलची आणि थाट बघा, असं साहेबांच्या मनात आलं.

"कुणाला दाखवलंस हे?"

"कुणालाच नाय. मीच बघितलं, मागच्या ह्या एवढ्याशा काचंवर."

"पोलिसांना?"

"पोलिसांच्या आधी तुमच्याकडं द्यायचं ठरवलं."

साहेब ओळखून होते. विमा कंपन्यांच्या बाजूनं उभं राहून अपघाताच्या दाव्यांत त्यांनी कित्येक साक्षीदार रडवले होते. पोलिसांच्या आधी आपल्याकडे येणारा माणूस कशासाठी येतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"तुला हवंय काय?"

आफरीन गोंधळली. "मला? मला काय पाहिजे? तुमच्या कामाचं हाये म्हणून आणलं. अब्बूला तर काहीच आठवत नाय. उद्या कुणी काहीपण बोललं तर तुमच्या हातात असलेलं बरं."

ही सरळसरळ धमकी होती, फक्त साखर घोळून दिलेली. साहेबांनी आवाज मऊ केला.

"फार्मसी शिकतेस म्हणालीस ना मघाशी? तुझ्या नोकरीचं मी बघतो."

"नोकरीचं कशाला, साहेब?" ती हसली. "तुम्ही अब्बूला उचलून आणलं, तेच लई झालं."

टोमणे मारण्यातही पोरगी तयार होती. साहेब आता ती काय बोली लावते याची वाट पाहत राहिले. तिनं नखानं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, आतलं कार्ड काढलं आणि सरळ त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"याची नक्कल?"

"नाय काढली. आमच्याकडं कंप्युटर कुठला?"

साहेबांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. हातातला हुकमाचा पत्ता काही न घेता देऊन टाकला! एवढी बावळट पार्टी त्यांना अख्ख्या वकिलीत भेटली नव्हती.

"अगदी योग्य केलंस," ते म्हणाले. "पुरावा वकिलाच्याच हातात सुरक्षित राहतो."

खाम नदीच्या पुलावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. कार्डात काय आहे ते बघण्याची त्यांना गरज वाटली नाही. ते स्वतः तिथं होतेच की. दोन बोटांत धरून त्यांनी कार्ड मोडलं, तुकडे खालच्या काळ्या पाण्यात टाकले आणि रुमालानं हात पुसले.

पुढच्या आठवड्यात पोलिस ठाण्यातून बोलावणं आलं. उपनिरीक्षक करुणा मॅडमच्या टेबलासमोर बाकाच्या एका टोकाला आफरीन बसली होती आणि दुसऱ्या टोकाला एक खप्पड गालांचा माणूस.

"हा पुंजाराम, कन्नड तालुक्यातला," मॅडम म्हणाल्या. "टेम्पो चालवतो. त्या वेळी तिथूनच चालला होता. तो म्हणतो, गयासभाईंना तुमच्या गाडीनं उडवलं."

"व्हय मॅडम. पांढरी गाडी. म्या आरशात बघितलं," पुंजाराम खाली मान घालून म्हणाला.

"आणि त्याच दिवशी तुम्ही बंपर बदलून घेतला, असं गॅरेजवाला सांगतो."

साहेब खुर्चीत मागे रेलले. नेमणुकीचा हुकूम दोन-चार दिवसांत निघणार होता. आज गुन्हा नोंदला गेला तर तोच हुकूम दुसऱ्या कुणाच्या नावानं निघाला असता. पण त्यांना घाम फुटला नाही. उलट समोरच्या तिघांकडे पाहून त्यांना जांभई आली.

"मॅडम, बंपर बदलणं हा गुन्हा नाही. आणि मी कुणाला उडवलं हे टेम्पोवाल्याच्या आरशातून सिद्ध होत नसतं. माझ्याविरुद्ध पुरावा असेल तर काढा. नसेल तर मला कोर्टात जायचंय."

"गुन्हा आज नोंदवावाच लागणार, साहेब. कुणावर, तेवढंच ठरायचंय."

"मग पुरावा शोधा," साहेब हसत म्हणाले.

आफरीन ओढणी सावरत उठली. पुंजारामकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती वकीलसाहेबांकडे वळली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तोच दवाखान्यातला भाबडा विश्वास होता.

"खोटं बोलतो हा, मॅडम. ह्याच्याच टेम्पोनं अब्बूला उडवलं. साहेबांची गाडी मागून आली अन् हातभर लांब थांबली, सगळं कॅमेऱ्यात हाये. उचलून आणणाऱ्यालाच लोक अडकवतात, म्हणून तर कार्ड मी यांच्या हातात दिलं. दाखवा ना, वकीलसाहेब."