फुलांची पाळी

"लियाकतभाई, लोखंड कुठंच नाही ना?" दत्तप्रसादने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"वरून तरी दिसत नाही." लियाकत बाकाच्या पायाशी उकिडवा बसून सांध्यावरून बोटं फिरवत होता. चपला त्याने नेहमीसारख्या दाराशीच काढल्या होत्या. बाकीचे सुतार त्यावरून त्याची टर उडवायचे.

आखातातल्या रास अल खोरच्या त्या वर्कशॉपमध्ये एक अख्खं चर्च येऊन पडलं होतं. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातलं, सहाशे वर्षांचं. भिंती तेवढ्या तिकडे राहिल्या. ओकची चौदा बाकं, प्रवचनाचा उंच कठडा, तीन कुलपांची पेटी आणि पोरांना बाप्तिस्मा द्यायचं दगडी कुंड, एवढं सगळं कंटेनरमधून आलं. बाकांच्या टोकांना कुणा सुताराने मेंढ्या, नांगर आणि एक तोंड वासलेला म्हातारा कोरला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागून म्हाताऱ्याचं नाक पार झिजलं होतं.

हे सगळं एका नव्या रेस्टॉरंटमध्ये जाणार होतं. बाकांवर गिऱ्हाइकं, कठड्यात डीजे, कुंडात बर्फ आणि बाटल्या.

"क्लायंटचा कॉन्सेप्ट आहे," दत्तप्रसाद म्हणाला. तो या प्रोजेक्टचा मॅनेजर, मूळचा पुण्याचा. "आपण काय बोलणार?"

"आपण काय बोलणार," लियाकतही म्हणाला.

विकणाऱ्याने लेखी हमी दिली होती. सांधे केल्यापासून एकदाही उघडलेले नाहीत, आत फक्त लाकडी खुंट्या, लोखंडाचा तुकडाही नाही. हमी खोटी ठरली तर अख्खा लॉट त्याच गावी परत. सोमवारी क्लायंटच्या माणसासमोर एक सांधा उघडून बघायचा होता. कुठला, ते लियाकत ठरवणार होता. लाकडाला ओरखडा न काढता जुनी खुंटी काढणारा वर्कशॉपमध्ये तो एकटाच.

आणि त्याचा जीव त्या सांध्यातच अडकलेला. वय चौसष्ट. मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, हे काम पार पडलं तर व्हिसा आणखी दोन वर्षं, नाहीतर खलास. मुलगा झुबेर अजमानला राहायचा, लियाकत आणि बायको झुबेदा त्याच्याकडेच. पण झुबेरच्या पगारात आईबापाचा व्हिसा बसत नव्हता. म्हणजे रत्नागिरीकडचं रिकामं घर. नात अरफा इथं आणि हे दोघं तिथं. रोज सकाळी तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, एवढंच एक काम म्हाताऱ्याला मनापासून आवडायचं.

"हे वाचा जरा, साहेब." लियाकतने बाकाच्या बुडाशी टाचणीने लावलेला कागद दाखवला.

दत्तप्रसादने वाकून वाचलं. "फुलं ठेवायची पाळी आहे. फेब्रुवारी मिसेस हॉब्स, मार्च जोन, एप्रिल ग्लॅडिस. पार डिसेंबरपर्यंत लिहिलंय."

"कुठल्या सालचं?"

"यंदाचंच."

"आमच्या मशिदीत झाडायची पाळी असते. असाच कागद असतो भिंतीला. मग त्या लोकांनी विकलं कशाला?"

"ट्रस्टींनी विकलं. छप्पर गळत होतं म्हणे. गावाला कळलं तेव्हा ट्रक दारात उभा होता." दत्तप्रसादने कागद काढायला हात पुढे केला.

"राहू दे," लियाकत म्हणाला. "कुणाला नडतोय?"

शनिवारी सकाळी झुबेदा स्वयंपाकघरातून कुरकुरत बाहेर आली. लोणच्यासाठी आणलेली सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली अर्धी झाली होती.

"मी घेतला. लाकडाचे डाग काढायला," लियाकत म्हणाला.

"घरचा सिरका कंपनीच्या लाकडाला? मालक काय भिकेला लागलाय?"

रविवारी सुट्टी असूनही तो वर्कशॉपला गेला. एसीमुळे लाकूड आकसतं, बघून येतो म्हणाला. परतला तेव्हा जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. धास्ती घेतलीय, असं झुबेदाने सुनेला सांगितलं. घरात सगळ्यांनीच धास्ती घेतली होती.

सोमवारी क्लायंटचा फिरदोस मोबाइल घेऊन शूटिंग करायला उभा राहिला. लियाकतने तोंड वासलेल्या म्हाताऱ्याचं बाक निवडलं. खुंटी हळूच ठोकून बाहेर काढली आणि फळी अलगद ओढली. सांधा उघडला.

आत तांबूस गंजलेला एक स्क्रू होता. फुलीच्या खाचेचा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला.

दत्तप्रसादच्या तोंडचं पाणी पळालं. "दुसरा उघडा, भाई. हा कुणीतरी रिपेअर केला असेल."

"एक पुरे," फिरदोस म्हणाला आणि फोन करायला बाहेर गेला.

"गंज बघता वीसेक वर्षं तरी झाली असतील," लियाकत हळू आवाजात म्हणाला. दत्तप्रसादला त्याची फार दया आली. त्याने म्हाताऱ्याला खुर्ची दिली आणि स्वतः पाणी आणून दिलं.

दहा दिवसांत कंटेनर भरला. लियाकतने एकेक बाक स्वतः गोधडीत गुंडाळलं. तो कागद होता तिथंच राहू दिला. त्याच आठवड्यात मालकाने व्हिसा कॅन्सलचे पेपर सही करून दिले.

"दादा, यू सेड यू विल ड्रॉप मी नेक्स्ट इयर ऑल्सो," अरफा आजोबाला म्हणाली. लियाकतला भडभडून आलं. त्याने पोरीला जवळ घेतलं.

"त्या मेल्या स्क्रूने घात केला," झुबेदा डोळे पुसत म्हणाली आणि उरलीसुरली भांडी बांधायला आत गेली. सिंकखालच्या कपाटात अगदी मागे, फडक्याखाली झाकलेली एक वाटी तिच्या हाताला लागली. वाटीत तळाशी थोडा सिरका उरला होता आणि त्यात फुलीच्या खाचेचे पाच स्क्रू गंजत पडले होते.