झेंडूखालचा खडा

"मॅडम, तुमचा जांभळा खडासुद्धा पूजेत मांडलाय," खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या शिपाई साबळेमामांनी कौतुकानं सांगितलं आणि इरावती ताडकन उठली.

मिठासारखा तो बेरंग स्फटिक क्ष-किरणांखाली ठेवून तिनं जांभळा केला होता. उजेड शोषता शोषता त्याचा रंग उडतो, म्हणून काळ्या कागदात जपला होता. क्ष-किरण यंत्रावर तिची पुढची पाळी थेट मार्चमध्ये, प्रबंध मात्र जानेवारीत द्यायचा.

ती प्रयोगशाळेत धावली. खिडकीतल्या उन्हात, हळदकुंकू लावलेल्या उपकरणांमध्ये खडा पाण्यासारखा दिसत होता. त्याच्या अर्ध्यावर टपोरा झेंडू.

"आँ, रंग कुठं गेला?" मामा घाबरले. "थांबा, फूल काढून बघतो."

"हात लावू नका!" ती किंचाळली. आधी पडदे ओढले, मग झेंडू उचलला.

फुलाखालचा अर्धा खडा जांभळाच होता. मोजणीला तेवढा पुरे.

काळ्या कागदात तिनं खड्याबरोबर झेंडूही गुंडाळला.