खिडकीकडची पेटी

"डोकं फार ठणकतंय, आई," सून म्हणाली. "डोळ्यांपुढं चमकतंयसुद्धा."

"रात्रभर टक्क जागी राहिलीस, मग काय होणार? पड गुपचूप. जाता जाता सिस्टरच्या कानावर घालते."

सासूबाईंनी दुधाची वाटी रुमालाखाली झाकली. सुनेनं काढून दिलेलं दूध वरच्या मजल्यावर बाळाकडे पोचवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. त्या वाटीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नव्हता.

"तिला सांगा, आई लवकर येतेय म्हणून."

"सांगते. तुझ्यापेक्षा ती बरी ऐकते माझं."

सून हसली. आधीची दोन पोटातच गेली होती, तेव्हापासून हे हसू घरात दिसलं नव्हतं. ही तिसरी वेळेआधीच आली, पण आली. एवढीशी, चिमणीच्या पिलासारखी, काचेच्या पेटीत.

वर आत जायची बंदी होती. दाराच्या काचेतून बघायचं आणि घंटी वाजवून वाटी द्यायची. खिडकीकडची शेवटची पेटी त्यांची. सासूबाईंनी काचेला नाक लावलं.

पेटी रिकामी होती.

एक आया ती आतून पुसत होती. जेवणं उरकल्यावर भांडं पुसावं, तशी निवांत. नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या.

सासूबाईंचा हात घंटीपर्यंत गेला आणि मागे आला. विचारलं की उत्तर मिळतं. उत्तर मिळालं की ते खाली न्यावं लागतं. किती वेळ त्या तशाच उभ्या होत्या कुणास ठाऊक. सिस्टरला काय सांगायचं होतं, ते डोक्यातून पार पुसलं गेलं.

खालच्या मजल्यावरची सिस्टर धापा टाकत जिना चढून आली. लांबूनच म्हणाली, "आजी, थांबा. डॉक्टरबाई तुम्हाला शोधताहेत."

"आलेच," सासूबाई म्हणाल्या आणि मागच्या जिन्यानं थेट गच्चीवर गेल्या.

उभ्या जन्मात त्या कुणाला घाबरल्या नव्हत्या. सासऱ्यांना नाही, भाऊबंदांना तर नाहीच. आज मात्र लपायला जागा शोधत होत्या. मुलगा परगावाहून निघाला होता, संध्याकाळी पोचणार होता. तो आला की ऐकेल काय ऐकायचं ते. तोवर सुनेसमोर जायचं नाही. ती पोरगी सासूचा चेहरा आरशासारखा वाचायची. एक दिवस तरी तिला आई राहू दे.

गच्चीवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या. त्या वाळत घालणाऱ्या बाईनं विचारलं, "काय आजी, मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"मग तोंड असं कडू का?"

"माझं तोंड जन्मापासून असंच आहे. तू चादरी बघ, त्या कोपऱ्यातली वाकडी घातलीस."

बाई हसली. खाली कर्ण्यावरून कुणाला तरी बोलावत होते. नातेवाईक असाल तिथून ताबडतोब या, असं पुन्हा पुन्हा.

"तुम्हालाच नाही ना?"

"माझ्यासारख्या छप्पन्न म्हाताऱ्या आहेत इथं."

तरी त्या चादरींच्या पलीकडे जाऊन बसल्या. वाटी मांडीवर होती. मोबाइल सुनेच्या उशाशी राहिला होता, ते एक बरंच झालं. जिन्यावर पावलं वाजली की त्या अंग चोरून घ्यायच्या. एकदा पांढरा कोट दारातून डोकावला आणि गेला. सासूबाईंनी ओल्या चादरीमागे श्वास रोखून धरला, लपाछपी खेळणाऱ्या पोरीसारखा. सुनेनं विचारलं तर काय सांगायचं, हे त्या घोकत राहिल्या. झोपलीय. दूध प्यायली. अगदी बापावर गेलीय.

उन्हं उतरली. चादरी वाळल्या, त्या काढून नेल्या आणि लपायला जागा उरली नाही. तेव्हा त्या उठल्या.

जिन्याच्या वळणावरच डॉक्टरबाई समोर आल्या. आता पळायला वाट नव्हती.

"कुठं होतात तुम्ही? सगळं हॉस्पिटल पालथं घातलं आम्ही."

"मला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी बघितली पेटी. पोर गेली ना?"

डॉक्टरबाईंना आधी कळेचना. "बाळ? बाळ छान आहे. तब्येत सुधारली म्हणून सकाळीच पेटीतून बाहेर काढलं. आत पाळण्यात आहे."

सासूबाई पायरीवर मटकन बसल्या. दुधाची वाटी कलंडली. त्यांना हसू आवरेना आणि रडूही. "आणि मी मेली दिवसभर तोंड लपवत फिरतेय. चला, आधी सुनेला सांगते."

डॉक्टरबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. सासूबाईंचा हात त्यांनी हातात घेतला.

"आजी, आम्ही सुनेसाठीच शोधत होतो तुम्हाला. ती सारखी तुम्हालाच हाका मारत होती. दुपारपर्यंत."